दारापुढचं ऊन

कुठल्याही घराचं दार मी एकदम उघडत नाही. आधी थोडं ढकलते, थांबते, दार कशाला अडत नाही ना हे पाहते आणि मगच आत पाऊल टाकते. लोकांना वाटतं, बाई सावध आहे. मुलीला वाटतं, आईचे गुडघे गेले. खरं कारण सांगायचं तर जपानमधल्या एका घराची गोष्ट सांगावी लागते. ते घर आमच्या मालकीचं होतं, आणि मी त्यात उभी राहिले ती एका दुपारपुरती.

नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. आम्ही दुबईत, देऱ्यात राहायचो, खाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नवरा जपानमधून जुन्या गाड्यांची इंजिनं आणून विकायचा. रास अल खोरला त्याचं यार्ड होतं. तिथे तेलाने काळी झालेली इंजिनं ओळीने मांडलेली असत आणि त्यांच्यामधून तो बागेत फिरावं तसा फिरायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र अरे-तुरे करणार आहे. इतकी वर्षं संसार केल्यावर तेवढी सूट मिळायला हरकत नाही.

त्या काळी बाहेरच्या माणसाला तिथे घर विकत घेता येत नसे. कितीही वर्षं राहा, तुम्ही भाडेकरूच. व्हिसा संपला की खलास, सामान बांधा. त्यामुळे आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाचं कुठेतरी एक घर असायचं ज्यात कोणी राहत नसे. कोणाचं पुण्याला, कोणाचं चिपळूणला. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन लोक त्याची कुलपं उघडायचे, जळमटं काढायचे आणि पुन्हा कुलपं लावून विमानात बसायचे. माझीही इच्छा तशाच एका घराची होती. नवऱ्याने ते जपानात घेतलं.

जपानमध्ये त्याचा एक भागीदार होता. मूळचा पेशावरचा, जपानी बाईशी लग्न करून एका बंदराच्या गावात स्थायिक झालेला. इंजिनं शोधायची, कंटेनर भरून पाठवायचा, हे त्याचं काम. एका शुक्रवारी त्याचा फोन आला. तिकडे घरांच्या किमती पार कोसळल्या होत्या आणि जुन्या इमारतींतल्या फ्लॅटकडे तर कोणी ढुंकून बघत नव्हतं. परक्या माणसालाही ते विकत घेता येत होते, सरकारी कागदावर रीतसर नाव लागत होतं. त्याने एकाच इमारतीच्या दोन अंगांचे दोन फ्लॅट पाहून ठेवले होते. एकाची बाल्कनी दक्षिणेला, दुसऱ्याची उत्तरेला. उत्तरेचा बराच स्वस्त.

"भाईजान, मेरी मानो तो साउथवाला ले लो," तो म्हणाला. "यहाँ धूप के पैसे लगते हैं."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. उन्हाचे पैसे! आमच्या पश्चिमेच्या खिडक्यांना मी स्वतः चंदेरी कागद चिकटवला होता, ज्यात पोळ्या गुंडाळतात तोच. त्यावर जाड पडदे. भर दुपारी आमच्याकडे दिवा लावावा लागे आणि पाहुणे म्हणत, वा, काय गार ठेवलंय घर. गाडी सावलीत लावायला मिळाली तर माणसं ते घरी येऊन सांगायची. दिवसभर ऊन येत नाही असं घर स्वस्तात मिळतंय, म्हणजे समोरच्यालाच अक्कल नाही, असं नवऱ्याचं मत झालं. भरीला त्याने देवरुखला आपल्या आईला फोन लावला. सासूबाईंनी दोन वाक्यांत निकाल दिला. "दक्षिणेला तोंड असलेलं घर घेऊ नको हो. ती यमाची दिशा." उत्तरेचा फ्लॅट ठरला.

व्यवहार झाल्यावर भागीदाराने घराचा नकाशा पाठवला. तो मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. गवताच्या चटया अंथरलेली एक खोली, एक छोटं स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाल्कनी. पोळ्या लाटता लाटता मी त्या घरात सामान लावायचे. कपाट इथे, देव तिथे, मुलीचं टेबल खिडकीपाशी. तसं कागदावरचंदेखील घर मला आधी कोणी दिलं नव्हतं. असंच बघता बघता एक दिवस दिशेच्या बाणाकडे लक्ष गेलं.

"अहो," मी म्हटलं, "याचं दार दक्षिणेलाच आहे की."

तसंच होतं. तिकडे घराचं तोंड बाल्कनीवरून धरतात, आपण दारावरून धरतो. बाल्कनी उत्तरेला म्हटल्यावर दार समोरच्या अंगाला, उघड्या व्हरांड्यात, थेट दक्षिणेला. नवरा कपाटात डोकं घालून बराच वेळ नकाशा बघत राहिला.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

घर भाड्याने जाईना. उत्तरेचं घर म्हणजे अंधार आणि ओल, तिथलं कोणी घेत नव्हतं. शेवटी एक म्हातारी आली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, आयुष्यभर कुठल्याशा कारखान्यात कपडे शिवलेली. भागीदार का कू करत होता. "यहाँ बूढ़े लोगों को कोई घर नहीं देता. अकेली है. अंदर ही मर गई तो फिर उस घर में कोई आता नहीं."

"हमारे यहाँ सबकी दादियाँ घर में ही मरती हैं," नवरा म्हणाला. "दे दो उसको."

त्या दिवशी मला तो फार आवडला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्याच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं थोडंच आहे.

भाडं वेळच्या वेळी येऊ लागलं. आलं की नवरा ते आधी दिरहममध्ये बोलायचा, मग रुपयांत, आणि रुपयांत बोलताना आवाज वाढायचा. दिवाळीनंतर तो जपानला निघाला तेव्हा मी त्याच्या बॅगेत म्हातारीसाठी चिवडा घातला आणि खजुराचं एक खोकं. चांगल्यापैकी खोकं, वर सोनेरी शाईत खजुराचं झाड छापलेलं. आमची भाडेकरू म्हणजे आमच्या घरातली म्हातारी, असंच मला वाटू लागलं होतं. परत येताना नवऱ्याने तिने दिलेली सुकवलेली फळं आणली. चपटी, तपकिरी, वर साखर भुरभुरल्यासारखी. आम्ही ती चाखत खाल्ली आणि मुलीने तोंड वेडंवाकडं केलं.

त्याच खेपेत त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं. तो आल्यावर हसत हसत सांगत होता. म्हातारी म्हणे घरात नव्हतीच, दाराबाहेर व्हरांड्यात लाकडी खुर्ची टाकून बसली होती. अंगात कोट, गुडघ्यांवर गोधडी, डोळे मिटलेले. घरात बोटं वळत नाहीत एवढा गारठा, आणि दुपारी ऊन येतं ते फक्त दारापुढे. तेवढा वेळ ती तिथे बसायची. ऊन सरकलं की खुर्ची उचलून आत.

"आपल्याकडे पापडांची राखण करत बसतात ना, अगदी तशी," तो म्हणाला.

मीही हसले. मग पेन्सिल घेऊन नकाशावर दाराबाहेर एक छोटा चौकोन काढला. सगळ्या नकाशात खरं असं तेवढंच एक सामान होतं.

पुढचा हिवाळा तोंडावर आला तेव्हा भागीदाराचा पुन्हा फोन आला. इमारतीच्या कमिटीचं म्हणणं होतं की व्हरांडा मोकळा राहिला पाहिजे. आग लागली, धावपळ झाली तर खुर्ची मध्ये येईल. कोणीतरी तक्रार केली होती. म्हातारीला त्यांनी परस्पर काही सांगितलं नव्हतं. तिथली रीत अशी की आधी मालकाला विचारायचं. मालकांनी कृपा करून भाडेकरूला समज द्यावी, अशी त्यांची विनंती होती.

मालक. हा शब्द ऐकून नवऱ्याचा चेहरा मी पाहिला आहे. देऱ्यात आमच्या दाराबाहेर मी चपलांचं छोटं कपाट ठेवलं होतं, तर इमारतीच्या नातूरने, म्हणजे राखणदाराने, ते न विचारता उचलून जिन्याखाली टाकलं होतं. नवरा त्याच्याशी भांडायला गेला आणि मान खाली घालून परत आला. कारण भाडेकरू. जन्मात पहिल्यांदा कुठली तरी कमिटी त्याला अदबीने विचारत होती, आणि त्याला चांगला मालक व्हायचं होतं.

"बसू दे हो तिला," मी म्हटलं. "कोणाच्या वाटेत येते?"

"अगं, नियम आहे. मालकच नियम मोडायला लागला तर कसं व्हायचं?"

"ऊन कुठे मिळणार मग तिला?"

"हीटर लावेल. जपान आहे ते."

भागीदाराने तिला निरोप दिला. तिने म्हणे कंबरेत वाकून माफी मागितली आणि त्याच्या देखत खुर्ची उचलून आत नेली.  मी नकाशावरचा चौकोन खोडला नाही. नवऱ्याच्या ते लक्षात आलं होतं.

भाडं येत राहिलं. आमच्या जुन्या फ्रीजने मान टाकली होती, ते पैसे घालून आम्ही नवा घेतला, मोठा, दोन दारांचा. मग एका दुपारी नवरा यार्डातून घरी आला. त्या वेळेला तो कधी येत नसे. तेलाने माखलेले बूट तसेच पायात, आणि आत न येता तो दारापाशीच स्टुलावर बसला. मी पाणी दिलं ते त्याने हातात धरून ठेवलं.

"म्हातारी गेली," तो म्हणाला. "बऱ्याच दिवसांपूर्वी. आज कळलं."

खालची टपालपेटी भरून वाहायला लागली तेव्हा लोकांनी दार उघडवलं. ती दाराच्या लगेच आत होती. खुर्चीवर, अंगात कोट. भाडं बँकेतून आपोआप वळतं होत होतं. ती गेल्यानंतरही होत राहिलं. बँकेला काय माहीत. आम्हाला तरी काय माहीत होतं?

रडू आलं नाही. राग आला. एवढा की त्याच्या हातातला पेला काढून घेऊन भिंतीवर फेकावा. मी तसं केलं नाही, आत जाऊन कपाट उघडलं आणि नकाशासमोर उभी राहिले. दाराबाहेर पेन्सिलीचा चौकोन होता. दाराच्या आत, जिथे चपला काढायची जागा दाखवली होती, तिथे काहीच नव्हतं. माझ्या मागे नवा फ्रीज घूं घूं करत होता.

त्यानंतर ती आमच्या घरात राहायला आली. याहून वेगळं कसं सांगावं मला माहीत नाही. मला ती कधी दिसली नाही, आवाजही आला नाही. पण भाजी घेऊन वर आले, किल्ली फिरवली, की दार ढकलायच्या आधी माझा हात थांबायचा. आत, दाराच्या लगेच मागे, कोणीतरी बसलेलं आहे आणि दाराची कड तिच्या गुडघ्यांना लागेल, असं वाटायचं. मी दार बोटभर उघडायचे आणि वाट पाहायचे. नातूर एकदा म्हणाला, "मॅडम, लॉक खराब है?" मी म्हटलं, नाही, ठीक आहे. दुपारी घरात एकटी असले की फ्रीजच्या आवाजाकडे लक्ष जायचं. तो चालू झाला की मनात यायचं, हे कुठल्या महिन्याच्या भाड्याचं असेल. ती होती तेव्हाच्या की नव्हती तेव्हाच्या? मला भीती वाटायची आणि भीती वाटते याचीही चीड यायची.

 एका शुक्रवारी दुपारी मी अंघोळ करून आले तर नवरा बैठकीच्या खिडकीवरचा चंदेरी कागद नखांनी खरवडून काढत होता. मे महिना. ऊन भाल्यासारखं आत आलं, सोफ्यावर, जमिनीवर, टीव्हीच्या काचेवर. तो त्यात खुर्ची ओढून बसला.

"बाबा, इट्स सो हॉट. व्हॉट आर यू डूइंग?" मुलगी म्हणाली.

"बसलोय," तो म्हणाला.

त्याचं अंग घामाने निथळत होतं. तरी तो ऊन सरकेपर्यंत उठला नाही. पुढे दर शुक्रवारी तो तसाच बसायचा. मी कागद पुन्हा चिकटवला नाही. सासूबाईंनी देवरुखला गुरुजींना बोलावून शांत करून घेतली, पण त्या घराचं दार कुठल्या दिशेला होतं हे त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

जपानची कामं नवरा फोनवर उरकू लागला. ते घर रिकामंच राहिलं. साफसफाई झाली, भिंती रंगवल्या, पण तिथल्या रीतीप्रमाणे नव्या भाडेकरूला आत काय घडलं ते सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर माणसं वाकून नमस्कार करून निघून जायची. भागीदार म्हणायचा, विकून टाका. नवरा म्हणायचा, बघू, इन्शाल्ला. अशी वर्षं गेली आणि नवं शतक लागलं.

मग दुबईतच बाहेरच्यांना घरं विकत मिळायला लागली. आमच्या ओळखीचे सगळे रांगा लावत होते, म्हणून आम्हीही एका विक्रीच्या ऑफिसात गेलो. टाय लावलेल्या माणसाने आमच्यापुढे नकाशे पसरले आणि एकावर बोट ठेवलं. "मॅडम, दिस वन इज द बेस्ट. नो डायरेक्ट सन. पूरा दिन छाया." नवरा उठला आणि बाहेर गेला. मी त्या माणसाची माफी मागून मागोमाग गेले. तो पार्किंगमध्ये उन्हात उभा होता.

"ते विकून टाकू," तो म्हणाला. "पण तू चल बरोबर. मला एकट्याला त्या दारात जाववणार नाही."

आम्ही गेलो ते हिवाळ्याचे दिवस होते. घेणारा मिळाला होता, मातीमोल भावात, आणि सह्या दुसऱ्या दिवशी होत्या. भागीदार आम्हाला इमारतीपाशी सोडून खाली गाडीतच थांबला. लिफ्टने वर गेलो. लांब उघडा व्हरांडा, एका बाजूला दारं, दुसऱ्या बाजूला कठडा. दुपारचं ऊन सबंध व्हरांड्यात पसरलं होतं. एवढं मऊ ऊन मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ऊन अंगावर येतं. हे अंगावरून हात फिरवत होतं.

नवऱ्याने किल्ली माझ्याकडे दिली. मी ती फिरवली आणि सवयीने हलकेच दार ढकललं. ते हललं नाही. तिथलं दार बाहेर उघडतं. इतकी वर्षं मी ज्या गुडघ्यांना जपत होते त्यांना हे दार लागणंच शक्य नव्हतं. मी दार ओढलं आणि आत गेले.

सगळं नकाशात होतं तसंच होतं. डोळे मिटून चालले असते तरी कुठे अडले नसते. पण थंडी नकाशात नव्हती. भिंतीतून, जमिनीतून गारठा वर येत होता आणि खोलीत संध्याकाळ झाल्यासारखा उजेड होता. ही जागा आम्ही मुद्दाम निवडून घेतली होती. खुर्ची कुठे नव्हती. सफाईवाल्यांनी सगळ्या सामानाबरोबर तीही नेली असणार. फक्त दाराच्या आत, चपला काढायच्या जागी, जमिनीवर तिच्या चार पायांचे चार डाग राहिले होते.

मी दार लावून घेतलं. अंधार झाला, आणि मग दिसलं की पूर्ण झालेला नाही. दारात वर्तमानपत्र टाकायची फट होती. तिची झडप वर उचललेली, मध्ये पुठ्ठ्याची घडी खोचून पक्की केलेली. त्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येत होती, तळहाताएवढी, आणि बरोबर त्या चार डागांच्या मध्ये पडत होती. मी खाली बसून त्यात हात धरला. हात ऊबदार झाला.

पुठ्ठा काढून पाहिला. त्याच्यावर सोनेरी शाईत खजुराचं झाड होतं.

मागे नवरा उभा होता. त्यानेही पाहिलं. मी तो पुठ्ठा पुन्हा होता तसा खोचून ठेवला, दार सताड उघडलं आणि बाहेर जाऊन दारापुढे व्हरांड्यातच मांडी घालून बसले. फरशी ऊबदार होती. थोड्या वेळाने पलीकडच्या घरातला एक म्हातारा गृहस्थ हातात पिशवी घेऊन आला. मला तशी जमिनीवर बसलेली पाहून तो थबकला. मग अंग चोरून, कठड्याला घासून, वाकून नमस्कार करत पुढे गेला. उठा म्हणाला नाही. मालकीणबाईंना कोण उठवणार?

"या, बसा," मी आत नवऱ्याला हाक मारली. "ऊन आहे अजून."

तो आला नाही. त्या चार डागांच्या पलीकडे, अंधारात, पायमोज्यांवर उभा राहिला. ऊन हळूहळू दारातून आत शिरलं, डागांवरून पुढे गेलं आणि त्याच्या पायांपर्यंत पोचलं. त्याने पाय मागे घेतले.